हिरोशिमाच्या संग्रहालयातलं ‘देन्शोशा’ कथन: अण्णांना शेजारी बसवून ऐकलेला एक तास

हिरोशिमाला मी याआधी दोनदा जाऊन आले होते. पहिल्यांदा एका सहल कंपनीच्या बसमधून. त्यांनी बॉम्बमध्ये उरलेल्या इमारतीच्या घुमटासमोर फोटोला वीस मिनिटं आणि संग्रहालयाला पाऊण तास दिला होता. परत बसमध्ये चढताना डोक्यात जळका जेवणाचा डबा आणि वितळलेल्या बाटल्या, एवढंच उरलं होतं. दुसऱ्यांदा कारखान्याच्या कामासाठी गेले, तेव्हा वेळच नव्हता. या खेपेला अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, घेऊन गेले आणि वरची दालनं बघायच्या आधी तिथलं ‘देन्शोशा’ कथन ऐकलं. हा अभिप्राय त्या कथनाबद्दल आहे. जपानला येणारी आपली बहुतेक माणसं ते न ऐकताच परत जातात, याचं मला फार वाईट वाटतं.

आधी हे काय आहे ते सांगते. ६ ऑगस्ट १९४५ला हिरोशिमावर आणि तीन दिवसांनी नागासाकीवर पडलेला अणुबॉम्ब ज्यांनी स्वतः भोगला त्यांना जपानीत ‘हिबाकुशा’ म्हणतात. आपल्याकडे वर्तमानपत्रांत ‘अणुबॉम्बमधून बचावलेले’ असं छापतात. मी दुभाषी आहे, म्हणून हा शब्द मला खटकतो. मूळ शब्दाची फोड केली तर ‘ज्याला स्फोट भोगावा लागला तो माणूस’ असं होतं. त्यात बचावणं कुठेच नाही. आणि कथन ऐकल्यावर कळतं की बचावले म्हणावं असं त्यांच्या पुढच्या आयुष्यात फार काही नव्हतंही.

ही माणसं आता थकली. मार्च २०२५ अखेर सरकारी हिबाकुशा पुस्तिका असलेल्यांची संख्या ९९,१३० होती, म्हणजे पहिल्यांदाच एक लाखाच्या खाली, आणि सरासरी वय ८६च्या पुढे. हा दिवस येणार हे ओळखून हिरोशिमा महापालिकेने २०१२पासून त्यांची हकिगत पुढे सांगणारी माणसं तयार करायला सुरुवात केली. तेच देन्शोशा. एक देन्शोशा साधारणपणे एकाच हिबाकुशाची हकिगत सांगतो. त्यासाठी तो त्या व्यक्तीला पुन्हा पुन्हा भेटतो, विचारतो, लिहून काढतो, आणि ते लिखाण मूळ माणसाने वाचून मान्य केल्यावरच लोकांसमोर उभा राहतो. २०२२पासून घरातल्या माणसांनी, म्हणजे मुलांनी-नातवंडांनी, आपल्या माणसाची हकिगत सांगण्याची वेगळी सोयही झाली. कथन संग्रहालयाच्या पूर्वेकडच्या इमारतीत होतं, प्रश्नोत्तरं धरून साधारण तासभर चालतं, आणि त्याला एक येनही पडत नाही. जपानी आणि इंग्रजी अशा दोन्ही भाषांत ते होतं. वेळापत्रक संग्रहालयाच्या संकेतस्थळावर असतं. निघायच्या आदल्या दिवशी ते एकदा बघून घ्या.

अण्णा तासगाव आगारात एसटीचे कंडक्टर होते. आता एकाहत्तर वर्षांचे आहेत. इंग्रजी त्यांना तिकिटापुरतं येतं, जपानी अर्थातच नाही. मी जपानी कथन निवडलं आणि सुरू होण्याआधी ते सांगणाऱ्या देन्शोशा बाईंना जाऊन विचारलं, की शेवटच्या रांगेत बसून वडिलांच्या कानात मराठी करून सांगितलं तर चालेल का? त्या पन्नाशीच्या असाव्यात. म्हणाल्या, चालेल, आणि मी जरा सावकाश बोलेन. तासभर त्या खरोखरच सावकाश बोलल्या. वाक्य संपलं की क्षणभर थांबायच्या, आमच्या रांगेकडे नजर टाकायच्या, मग पुढे जायच्या. खोलीत आम्ही धरून बारा-तेरा जण होतो. त्याच वेळी वर दालनांत मुंगीच्या पावलाने सरकणारी गर्दी होती. २०२४-२५ या एका वर्षात इथे २० लाखांहून जास्त लोक येऊन गेले. त्यातले किती या खोलीत आले असतील, हा विचार मनातून जात नव्हता.

बाई ज्यांची हकिगत सांगत होत्या त्या आजी तेव्हा तेरा वर्षांच्या होत्या, मुलींच्या शाळेत. त्या उन्हाळ्यात शाळा भरत नव्हती. हवाई हल्ल्यात आग पसरू नये म्हणून घरं पाडून शहरात मोकळे पट्टे करायचं काम चाललं होतं, आणि राडारोडा उचलायला शाळकरी पोरं लावली होती. आज हिरोशिमात शंभर मीटर रुंदीचा जो शांती मार्ग आहे, झाडांचा, देखणा, तो अशाच एका पट्ट्यातून झाला. ६ तारखेला आजींचं पोट बिघडलं होतं. आई म्हणाली, आजचा दिवस राहा घरी. घर उशिता भागात, टेकडीच्या पायथ्याशी. सव्वाआठला छप्पर खाली आलं, पण त्या निघाल्या. वर्गातल्या मुली कामावर गेल्या होत्या. त्या सगळ्या गेल्या.

त्या दिवसाबद्दल बाईंनी एवढंच, दहा मिनिटांत सांगितलं. मला आश्चर्य वाटलं. पुढची पस्तीस मिनिटं त्यांनी १९४५नंतरची साठ वर्षं सांगितली, आणि या सेवेचं खरं मोल माझ्या मते तिथेच आहे. आपल्या शाळेच्या पुस्तकात हिरोशिमा दोन ओळींत संपतं. दर ६ ऑगस्टला आपली संसद मृतांसाठी स्तब्ध उभी राहते, तेही योग्यच. आपल्याकडची मुलं सदाको सासाकीसाठी कागदाचे क्रौंच करतात. सदाको बाराव्या वर्षी, १९५५ साली रक्ताच्या कर्करोगाने गेली आणि १९५८ साली संग्रहालयाभोवतीच्या शांती उद्यानात तिच्या प्रेरणेने मुलांचं स्मारक उभं राहिलं. पण जी मुलगी मेली नाही, चाळिशीला पोचली, साठीला पोचली, दर तापाला घाबरत जगली, तिचा पुतळा कुठे आहे? तिची गोष्ट ऐकायला या खोलीतच यावं लागतं.

दुसऱ्या दिवशी आजी मैत्रिणींना शोधायला शहरात गेल्या. ऑगस्टच्या अखेरीला केस गळाले, हिरड्यांतून रक्त यायला लागलं. काही आठवड्यांनी त्या बऱ्या झाल्या, पण अंगातलं बळ काही परत आलं नाही. कामाला उभं राहिलं की हातपाय गळायचे. डॉक्टरांना काही सापडायचं नाही आणि शेजारी आळशी म्हणायचे. या अवस्थेला तिथल्या लोकांनीच नाव ठेवलं, ‘बुराबुरा’ आजार. मी अण्णांना ‘अंगात त्राण नसणं’ असं सांगितलं. शब्द तोकडा पडला, पण त्यांनी मान हलवली.

शाळा परत सुरू झाल्यावर एक दिवस रस्त्यात मैत्रिणीची आई भेटली. तिने हात धरला आणि विचारलं, “तू कशी गं राहिलीस?” शिवी नाही, शाप नाही. तेवढाच प्रश्न. हिरोशिमा सोडेपर्यंत आजी त्या रस्त्याने पुन्हा गेल्या नाहीत.

मग हिजियामा टेकडीवरचं अमेरिकन केंद्र. १९४७ साली सुरू झालेलं एबीसीसी, अणुबॉम्बच्या दुष्परिणामांचा अभ्यास करणारं. गाडी दारात यायची. आजींना नेलं, कपडे उतरवून तपासलं, रक्त घेतलं, परत आणून सोडलं. औषध नाही. त्या केंद्राचं काम अभ्यास करणं हे होतं, उपचार करणं नव्हे. शेजाऱ्यांनी मात्र गाडी बघितली, आणि घरात काहीतरी ‘तसलं’ आहे हे गल्लीला कळलं. याच काळात ताबा असलेल्या अमेरिकन प्रशासनाच्या छपाई-नियमांमुळे बॉम्बच्या परिणामांबद्दल उघडपणे लिहिता येत नव्हतं. म्हणजे ज्याला रोग होता त्याला माहिती नव्हती, आणि ज्याला माहिती होती त्याला बोलायची मुभा नव्हती. १९५२पर्यंत हे असं चाललं.

इथे अण्णांनी माझा दंड धरला आणि विचारलं, “सरकारनं काय दिलं?” मी म्हटलं, थांबा, ती सांगेल. बाईंनी सांगितलं. पहिला कायदा १९५७ साली आला, बारा वर्षांनी. तोही सहज आला नाही. १९५४च्या मार्चमध्ये बिकिनी बेटांवरच्या अमेरिकन हायड्रोजन बॉम्ब चाचणीची राख एका जपानी मासेमारी बोटीवर पडली, त्यातला एक खलाशी सप्टेंबरमध्ये वारला, आणि मग देशभर सह्यांची मोहीम पेटली. तीन कोटींच्या वर सह्या झाल्या. त्या लाटेत हिरोशिमा-नागासाकीच्या माणसांना पहिल्यांदा वाटलं की आपलंही कुणी ऐकेल. १० ऑगस्ट १९५६ रोजी नागासाकीत त्यांची संघटना स्थापन झाली, निहोन हिदान्क्यो. हिलाच २०२४चं शांततेचं नोबेल मिळालं. आजवर आपण गप्प, मान खाली घालून, एकमेकांपासून दूर दूर जगत आलो, असं त्या स्थापनेच्या जाहीरनाम्यात म्हटलं आहे. पुढच्या वर्षी कायदा झाला, आणि त्यातून ती पुस्तिका मिळू लागली जिच्यावर तपासणी आणि उपचार फुकट होतात.

आजींनी पुस्तिका घेतली नाही.

इथून पुढे मला भाषांतर करणं जड गेलं. आजींचं एक लग्न मोडलं होतं. मध्यस्थाने चौकशी केली, मुलगी हिरोशिमाची आहे कळलं, आणि निरोप आला. अशा बायकांची मुलं धड निपजणार नाहीत, ही भीती तेव्हा सगळीकडे होती. हिबाकुशांच्या मुलांवर पुढे कित्येक दशकं अभ्यास झाले आणि आनुवंशिक दुष्परिणाम आढळल्याचा पुरावा त्यांत मिळालेला नाही. पण स्थळं मोडायला पुरावा कोण मागतं? आपल्याकडे कोडाचा एक डाग निघाला की घराण्यातल्या सगळ्या मुलींची लग्नं अडतात, ते अण्णांनी जवळून पाहिलंय. त्यांना हे समजावून सांगावं लागलं नाही.

आजी ओसाकाला गेल्या, शिवणकामाच्या दुकानात लागल्या, आणि गाव विचारलं की ओकायामा सांगायच्या. १९५८ साली लग्न केलं. नवऱ्याला काही सांगितलं नाही. दोन मुली झाल्या. दोन्ही वेळा दिवस भरत आले की त्या रात्र रात्र जागत. पुस्तिका घेतली असती तर दवाखान्यात दाखवावी लागली असती, म्हणजे घरात कळलं असतं, म्हणजे मुलींच्या लग्नात निघालं असतं. धाकटीचं लग्न झाल्यावर त्यांनी अर्ज केला. तेव्हा दोन साक्षीदार हवे होते, त्या वेळी तुम्ही तिथे होतात हे सांगणारे, रक्ताच्या नात्यातले नकोत. वर्ग तर सगळा मेलेला. उशिताची एक शेजारीण आणि एक म्हाताऱ्या शिक्षिका, अशा दोघी शोधायला त्यांना वर्ष लागलं.

मग बाई म्हणाल्या, “पुस्तिका आल्यावर त्यांनी नवऱ्याला काय सांगितलं, ते मी त्यांना तीन वेगवेगळ्या वेळी विचारलं. तिन्ही वेळा त्या गप्प राहिल्या. म्हणून ही जागा माझ्या कथनात रिकामी आहे.” आणि त्या खरोखर थांबल्या. अण्णा कुजबुजले, “काय म्हणाली?” मी म्हटलं, “काही नाही म्हणाली.”

मी अठरा वर्षं दुभाषाचं काम करते. समोरचा अडखळला की आपण वाक्य पुरं करून द्यावं, हा मोह मला रोज होतो, आणि कारखान्याच्या बैठकीत ते कधी कधी चालूनही जातं. या बाईंनी ती जागा भरली नाही. नवरा रागावला, रडला, समजूतदार निघाला, यातलं काहीही घातलं असतं तर खोलीतल्या प्रत्येकाला बरं वाटलं असतं. बाईंनी आणखी एक सांगितलं. मान्यतेसाठी लिखाण आजींना दाखवलं तेव्हा त्यांनी सगळं वाचून एकच शब्द खोडला. बाईंनी लिहिलं होतं, ‘त्यानंतर त्या धैर्याने जगल्या.’ आजींनी ‘धैर्याने’वर काट मारली. आजी गेल्या वर्षी वारल्या. तो खोडलेला कागद बाईंकडे आहे.

काही जण म्हणतील, दुसऱ्याच्या तोंडून ऐकण्यात काय अर्थ, खऱ्या हिबाकुशालाच ऐकावं. मीही असंच म्हणत असे. ज्यांना ती संधी मिळेल त्यांनी सोडू नये. काही वयस्क मंडळी अजूनही स्वतः बोलतात. पण नव्वदीच्या बाईला आपण “नवऱ्याला काय सांगितलं?” असं विचारू शकत नाही. ज्याने आपल्या आधी विचारलंय, नकार पचवलाय आणि तो नकारही जसाच्या तसा आपल्यासमोर ठेवलाय, त्याच्याकडून मिळतं ते वेगळं असतं. तासभर मात्र अपुरा पडतो. प्रश्नांना पंधरा मिनिटं येतात आणि ती हां हां म्हणता संपतात.

आमच्या प्रश्नांची पाळी आली तेव्हा एका विद्यार्थ्याने शांततेबद्दल विचारलं, एका बाईंनी अण्वस्त्र-बंदी कराराबद्दल. मग अण्णांनी हात वर केला. सकाळी स्टेशनवरून ट्रामने येताना मी त्यांना सांगितलं होतं की बॉम्ब पडल्यावर तिसऱ्याच दिवशी, ९ ऑगस्टला, इथल्या ट्रामचा एक छोटा टप्पा परत सुरू झाला, आणि गाड्यांवर शाळकरी मुली होत्या. पुरुष सैन्यात गेल्यामुळे ट्राम कंपनीने १९४३ साली मुलींची शाळाच काढली होती. अर्धा वेळ धडे, अर्धा वेळ कंडक्टर आणि चालक म्हणून काम. तेव्हापासून अण्णांच्या मनात तेच घोळत होतं. त्यांनी विचारलं, “त्या पोरींना पुढं कामावर ठिवलं का?”

मी जपानीत केलं. बाईंनी क्षणभर अण्णांकडे बघितलं. म्हणाल्या, सप्टेंबरमध्ये शाळा बंद झाली, पुरुष परत येत होते, मुली आपापल्या गावी गेल्या. कायम कुणाला केलं नाही. त्यांच्याबद्दल पुढे कित्येक वर्षं कुणी विचारलंही नाही. “म्हंजे बदलीवाल्या,” अण्णा म्हणाले. हे भाषांतर मी केलं नाही, पण एसटीत रोजंदारीवर काढलेली त्यांची पहिली सात वर्षं मला आठवली.

त्यानंतर आम्ही वरची दालनं बघितली. तिकीट मला २०० येन, पासष्टच्या वरचे म्हणून अण्णांना १००. कथन आधी ऐकलेलं असल्याने आमची पावलं वेगळ्याच ठिकाणी थांबली. मुख्य इमारतीत शेवटाकडे एका मच्छीमाराच्या कुटुंबाची छायाचित्रं आहेत. किरणोत्सर्गाने खंगलेला बाप आणि त्याच्यामागे वर्षांवर्षांनी ढासळत गेलेलं घर. गर्दी तिथून पटकन पुढे सरकते, दमलेली असते. अण्णा तिथे सगळ्यात जास्त वेळ उभे होते. बाहेर आल्यावर विचारलं, “ह्या लोकांनी घरं कुठं बांधली?” मी त्यांना उत्तरेकडे मोतोमाचीच्या उंच इमारती दाखवल्या. ओता नदीच्या बांधावर तिथे युद्धानंतर पत्र्या-फळ्यांच्या झोपड्यांची मोठी रांग होती. लोक तिला ‘अणुबॉम्ब झोपडपट्टी’च म्हणत. १९६९पासून १९७८पर्यंत पाडत-बांधत त्या जागी या इमारती उभ्या राहिल्या. त्या झोपड्यांत कोरियन माणसंही बरीच होती. साम्राज्याच्या काळात मजुरीला आणलेली, आलेली, आणि बॉम्ब त्यांच्यावरही पडला. त्यांचं स्मारक १९७० साली झालं ते उद्यानाच्या बाहेर, नदीपलीकडे. आत यायला त्याला १९९९ उजाडलं. कासवाच्या पाठीवरचा तो स्तंभ चुकवू नका.

दुपारी एका लहान दुकानात ओकोनोमियाकी खाल्लं. डुकराचं मांस नको म्हटल्यावर मालकिणीने कोबी आणि अंडं जास्त घातलं. अण्णांना थालीपिठासारखं वाटलं आणि आवडलं. युद्धानंतर मदतीच्या पिठावर आणि एका लोखंडी तव्यावर कितीतरी विधवा बायकांनी घराच्या पुढच्या खोलीत अशी दुकानं थाटली. म्हणूनच इथे बऱ्याच जुन्या दुकानांची नावं बायकांच्या नावापुढे ‘चान’ लावून आहेत, आपल्याकडे स्टँडसमोर ‘अक्काची खानावळ’ असते तशी.

कुणी जाणार असेल तर: सहावी-सातवीच्या पुढची मुलं बेलाशक न्या, बाई अंगावर काटा यावा म्हणून काही सांगत नाहीत. कथन आधी ऐका, दालनं नंतर बघा. इंग्रजी कथनालाही हरकत नाही, पण सोबत जपानी जाणणारं कुणी असेल तर जपानीच ऐका. शेजारच्या राष्ट्रीय स्मारक-भवनात, जे २००२ साली झालं, मृतांची नावं, फोटो आणि हजारो आठवणी पडद्यावर बघता येतात, तेही फुकट. त्याला अर्धा दिवस वेगळा ठेवा.

कथन संपल्यावर अभिप्रायाचा कागद देतात. मी म्हटलं, तुम्ही सांगा, मी लिहिते. अण्णांनी पेन माझ्या हातातून घेतलं आणि मराठीत स्वतः लिहिलं. वर नाव, त्याखाली बिल्ला नंबर, त्याखाली ‘तासगाव आगार, निवृत्त’. मग दोन ओळी: ‘बाईंनी सांगितले ते ऐकले. त्या ट्रामवाल्या मुलींची नावे कुठे लिहिलेली असतील तर कळवावे.’ मी खाली जपानी लिहून दिलं. ‘आगार’पाशी अडले; ‘बसगाड्या रात्री जिथे परत येतात ती जागा’ असं लिहिलं. बाईंनी कागद उभ्यानेच वाचला आणि पिशवीतून वही काढून तो पत्ता उतरवून घेतला.